कोल्हापुरी आणि जुनं लुगडं, रोजच्या वापरात

आजीचं लुगडं आणि अस्सल कोल्हापुरी हल्ली एकाच दिवशी बाहेर पडतात: कुणाचं तरी लग्न, नाहीतर पाडव्याची शोभायात्रा. चार तास मिरवायचं, फोटो काढायचे आणि परत कपाटात. दोन्ही वस्तूंना हे मानवत नाही. वर्षानुवर्षं एकाच घडीत पडलेलं रेशीम त्या घडीवरच चिरतं आणि नुसतं ठेवलेलं चामडं कोरडं पडून त्याला तडे जातात. मुळात या वस्तू रोजच्यासाठीच होत्या. कोल्हापुरी घालून माणसं रानात जायची, इरकल नेसून बायका बाजार करायच्या. आजही ऑफिसला, कॉलेजला, भाजी आणायला त्या चालतात. फक्त आधी थोडी तयारी लागते आणि बहुतेक जण नेमकी तीच टाळतात.

सुरुवात पायापासून करू, कारण पैसे तिथे जास्त वाया जातात. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीतल्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल उतरवली, इकडे गदारोळ झाला आणि कधी न घालणारेही चप्पल शोधायला निघाले. दुकानात गेलात की आधी ती उलटी करा. हातची चप्पल चामड्याच्याच वादीने शिवलेली असते. तळावर ती शिलाई दिसते आणि तिथे खिळा नसतो. तळाची कड बघा, चामड्याचे थर वेगवेगळे कळायला हवेत. कड एकसारखी गुळगुळीत, रंगाने माखलेली असेल तर आत पुठ्ठा किंवा फोम असण्याची शक्यता धरा. दुकानदाराला विचारून, पॉलिश न केलेल्या भागावर पाण्याचा एक थेंब टाका. चामडं तो मिनिटभरात पितं आणि तिथे गडद ठिपका पडतो, वाळला की जातो. रेक्झिनवर थेंब मण्यासारखा बसून राहतो.

कर्नाटकातल्या अथणीची किंवा निपाणीची चप्पल दाखवली म्हणून ती नकली समजू नका. कोल्हापुरीचं भौगोलिक मानांकन दोन राज्यांत मिळून आहे: इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. कापशी घडणीची घ्यायची की कुरुंदवाडी, हा आवडीचा प्रश्न. रोजच्या चालण्यासाठी मात्र कान, म्हणजे तळाच्या बाजूंना जोडलेल्या चामड्याच्या पाकळ्या, असलेली घ्या. दोन्ही बाजूंच्या कानांमुळे पट्टा जागेवर राहतो आणि पाय पुढे घसरत नाही. जरीच्या वेणीची, गोंड्याची चप्पल दिसते छान, पण साडीची कड त्या गोंड्यात अडकते.

माप घेताना संध्याकाळी जा, पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात. हे चामडं रुंदीला सैल होतं, लांबीला वाढत नाही. म्हणून पट्टा घट्ट वाटला तरी चालेल, पण टाच तळाच्या आतच हवी, मागे निदान ३ ते ५ मिलीमीटर जागा ठेवून. ‘घातल्यावर सैल होईल’ हे दुकानदाराचं म्हणणं पट्ट्यापुरतं खरं आहे. टाच बाहेर येत असेल तर पुढचा नंबर मागा. उलट पहिल्याच दिवशी पट्टा आरामात बसत असेल, तर महिन्याभरात ती चप्पल चालताना फटफट वाजेल.

घरी आणल्यावर सगळे पहिलं काम करतात ते तेल लावायचं. थांबा. आधी रबर. कोल्हापुरीचा तळ चामड्याचा असल्यामुळे ऑफिसच्या गुळगुळीत फरशीवर ती सरकते आणि डांबरी रस्त्यावर टाच झिजते. चप्पल दुरुस्तीवाल्याकडून खाली ३ मिलीमीटर जाडीची रबर शीट लावून घ्या. तेल आधी लावलं असेल तर चिकटवायचं सोल्युशन धरत नाही आणि शीट महिन्याभरात पुढच्या टोकाकडून सुटते. नीट काम असं होतं: तळ कानशीने खरवडायचा, धूळ झटकायची, सोल्युशन दोन्ही बाजूंना लावायचं, बोटाला चिकट लागेल पण ओलं लागणार नाही इतकं, म्हणजे १० ते १५ मिनिटं, वाळू द्यायचं, मग एका टोकाकडून दाबत आणायचं आणि हातोडीने ठोकायचं. घाईत ओल्यावर चिकटवलेली शीट हमखास सुटते. त्यांना सांगा की कडेने चार टाकेही मारा. खिळे मात्र मारू देऊ नका. चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं. ओल लागली की त्यातलं टॅनिन आणि लोखंड मिळून काळानिळा डाग पडतो आणि तो जात नाही.

आता तेल. एका जोडीला छोटा चमचाभर, साधारण ५ मिलीलिटर, एरंडेल पुरतं. किंचित कोमट करून सुती फडक्याने लावायचं. पट्ट्याला आतून जास्त, वरून नावाला. रात्रभर ठेवून सकाळी कोरड्या फडक्याने पुसून काढायचं. चप्पल तेलात बुडवून ठेवायचा सल्ला सर्रास ऐकू येतो. तसं केल्यावर ती मऊ होते हे खरं, पण तळ लिबलिबीत होतो, पाय काळे होतात, धूळ चिकटते आणि साडीच्या काठाला तेलाची रेघ येते. खोबरेल चालतं, पण थंडीत ते थिजून वर पांढरी साय दिसते. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल लावलं तर काही दिवसांनी खवट वास येतो.

चावण्याचं काय? कोल्हापुरी तीन ठिकाणी चावते: अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधे, पावलाच्या वरच्या हाडावर आणि कानाच्या कडेशी. सगळ्यात त्रास अंगठ्याचा, आणि तो चामड्याच्या जाडीमुळे नसतो. कापलेल्या चामड्याची आतली धार तशीच राहिलेली असते, ती त्वचेला घासते. अंगठ्याच्या पट्टीवर आतून बोट फिरवा, धार लगेच हाताला लागेल. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने ती कड दोन-तीन मिनिटं हलक्या हाताने घासा, ती गोल झाली पाहिजे. भुशी झटकून तिथे थेंबभर तेल जिरवा आणि पट्टी दोन बोटांत धरून पुढे-मागे वाकवा. चामडं आधी करकरतं, मग मऊ वळायला लागतं. त्यानंतर घरातल्या घरात, अंगठा वेगळा असलेले पातळ मोजे घालून, रोज २०-३० मिनिटं असं आठवडाभर. पहिल्याच दिवशी चप्पल घालून दिवसभर हिंडलात तर फोड येणारच, आणि मग ती चप्पल कायमची माळ्यावर जाते. पट्ट्याखाली आधीच कागदी चिकटपट्टी लावली तर पहिले दोन दिवस निभावतात.

रोजच्यासाठी दोन जोड असावेत, आलटून पालटून. दिवसभराचा घाम चामड्यातून जायला एक पूर्ण दिवस लागतो. पॉलिशच्या नादी लागू नका. रंगीत पॉलिशचा रंग पावलाला आणि काठाला लागतो. बिनरंगी मेणाचं पॉलिश दीड-दोन महिन्यांतून एकदा बास. उन्हाने आणि तेलाने रंग आपोआप गडद होत जातो, त्याला हात लावू नका. जुन्या कोल्हापुरीची सगळी शोभा त्या रंगात आहे. आणि देवळात जाणार असाल तर ती घालून जाऊ नका, का ते सांगायला नको.

जून ते सप्टेंबर कोल्हापुरी बंद, यात तडजोड नाही. चुकून भिजलीच तर आधी कोरड्या फडक्याने टिपा, पुसू नका. पट्ट्यात साधा कागद भरून आकार धरा. छापील वर्तमानपत्र नको, ओल्या चामड्यावर शाई उमटते. मग चप्पल कुशीवर उभी करा, म्हणजे तळालाही वारा लागेल, आणि पंख्याखाली सावलीत एक-दोन दिवस ठेवा. उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवली तर चामड्याचे तंतू आकसतात, तळ होडीसारखा वर वळतो आणि थर सुटतात. लोखंडी रॅकवर ओली ठेवू नका, कारण वर आलंच आहे. किंचित दमट असतानाच तेलाचा पातळ हात द्या, पूर्ण कोरड्यावर नको. पावसाळ्याच्या मुक्कामासाठी सुती पिशवी. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते. पंधरा दिवसांनी एकदा उघडून बघा. बुरशी दिसली तर गॅलरीत नेऊन कोरड्या ब्रशने झटका, पाणी आणि व्हिनेगर सारखं घेऊन फडकं पिळून पुसा आणि सावलीत वाळवा.

कपड्यांकडे वळू. जुनं लुगडं नेसण्याआधी ते उजेडासमोर धरून घडीच्या रेघा बघा. रेघेवर धागे विरळ दिसत असतील तर निऱ्यांच्या मागे, आत खोचल्या जाणाऱ्या टोकाला एक चाचणी करा: दोन्ही हातांत वीतभर अंतरावर कापड धरून हळूच ताणा. चर्र आवाज आला किंवा धागा सरकला तर ते लुगडं नेसायच्या पलीकडे गेलंय. रफू करून काही होणार नाही, शेजारचा भाग फाटेल. काठ आणि पदर मात्र बहुतेक वेळा धड असतात. ते काढून नव्या सुती साडीला लावा, पण नवी साडी आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून घ्या. तसंच लावलंत तर पहिल्या धुण्यात सूत आटतं आणि काठाला चुण्या पडतात.

नऊवारी धड असेल आणि सहावारी करायचं मनात असेल तर हिशोब सोपा आहे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरला थोडं कमी. सहावारीला साडेपाच मीटर लागतात. अडीच मीटरच्या वर उरतं, त्यात ब्लाउज आणि एक बिनबाह्यांचं जाकीट बसतं. कात्री नेहमी पदराच्या विरुद्ध टोकाला. आणि आधी मोजा, कारण जुनी लुगडी आठ मीटरचीही असतात. घरात नऊवारी नेसणारं कुणी असेल तर कापूच नका, सहावारीसारखं नेसायचं तर एक वेढा जास्त घेऊन नेसता येतं.

टोपपदराच्या इरकलीत वेगळी गोम आहे. साडीच्या अंगाचे ताणे (उभे धागे) आणि पदराचे ताणे वेगळे असतात, विणताना एकमेकांत फासे अडकवून जोडलेले. अंग सुती आणि पदर रेशमी असेल तर धुताना दोन्ही सारखं आटत नाही, आणि ताण नेमका त्या जोडावर येतो. म्हणून पिळायचं नाही, जोडाला धरून दोरीवर टाकायचं नाही. थंड पाणी, रिठा, आणि आडव्या चादरीवर सावलीत वाळवणं. लाल पदराचा रंग साडीच्या अंगावर उतरू शकतो. धुण्याआधी पांढरं ओलं फडकं कोपऱ्यावर दाबून बघा. फडकं गुलाबी झालं तर ड्राय क्लीन. खळ घालून नेसायला हरकत नाही, खळीसकट कपाटात ठेवू नका, कसर लागते.

जुन्या खणाचा ब्लाउज शिवताना शिंप्याला तीन गोष्टी सांगाव्या लागतात, ते आपण होऊन करत नाहीत. एक, आत मलमलचं अस्तर, तेही भिजवून घेतलेलं. दुसरं, दोरा सुती. पॉलिस्टरचा दोरा जुन्या कापडापेक्षा चिवट असतो, ताण आला की दोरा शाबूत राहतो आणि कापड कापलं जातं. तिसरं, टाका मोठा, ३ मिलीमीटरच्या आसपास. बारीक टाक्यांनी सुईची भोकं जवळजवळ पडतात आणि कापड त्याच रेघेवर फाटतं. पिन लावताना मागे अस्तराचा तुकडा घ्या.

जरीवर अत्तर मारू नका, चांदीची जर काळी पडते. डांबर गोळ्या कपड्याला न टेकता पुरचुंडीत बांधून वरच्या बाजूला ठेवा, वाफ खाली उतरते. तीन महिन्यांनी घडी बदला.

सगळं जुनं एकदम अंगावर घेतलं की ते शाळेच्या गॅदरिंगसारखं दिसतं: नऊवारी, नथ, खोपा, कोल्हापुरी. ऑफिसला जुनी वस्तू एक, आणि पायात कोल्हापुरी. खणाचा ब्लाउज असेल तर साडी साधी सुती. इरकल असेल तर वर पांढरा शर्ट, बाह्या दुमडून. जीन्सवर नऊवारीच्या उरलेल्या कापडाचं जाकीट मस्त दिसतं. पुरुषांना सुती बंडी किंवा नेहरू शर्ट आहेच, पण कोल्हापुरीवर फॉर्मल पँट घालणार असाल तर उंची कमी करून घ्या. मागे टाच उघडी असल्याने लांब पँटची कड तळाखाली येते आणि तिथेच झिजते. घोट्याच्या हाडाशी संपेल इतकी ठेवा. साडीचंही तेच. हिलवर नेसायचा परकर कोल्हापुरीवर चार-पाच सेंटिमीटर लांब पडतो. चप्पल पायात असतानाच परकराची उंची ठरवा, पुढून काठ जमिनीपासून एक सेंटिमीटर वर.

बाइकवर मात्र कोल्हापुरी नकोच. गिअर वर टाकताना डाव्या पायाच्या पट्ट्यावर लिव्हर घासतो, महिन्याभरात तिथला रंग जातो आणि वेणी उसवते. स्कूटरवर ही अडचण नाही. कारमध्ये क्लच दाबताना मागून उघडी टाच तळावरून सरकते, म्हणून गाडी चालवायला सीटखाली बुटांचा एक जोड असू द्या आणि पोचल्यावर बदला.