२८० च्या खाली चाललेला उद्योग

पुण्याहून पाहुणे आले की त्यांना सॅन फ्रान्सिस्कोला नेताना मी मुद्दाम २८० हायवे धरतो. मेन्लो पार्कपाशी खालून एक सरळसोट, संपता न संपणारी इमारत जाते. ती स्लॅक, म्हणजे स्टॅनफर्डची कणांना वेग देणारी प्रयोगशाळा. पाहुण्यांना अर्थात गोल्डन गेट बघायचा असतो, त्यामुळे माझं भाषण दोन मिनिटांत आटपतं. इथे कुणी अडवणार नाही, म्हणून सविस्तर.

साठच्या दशकात बांधलेला हा इलेक्ट्रॉनचा प्रवेगक (इलेक्ट्रॉनना वेग देणारं यंत्र) सुमारे ३ किलोमीटर लांब आहे. त्याच्या शेवटच्या किलोमीटरचा वापर करून २००९ मध्ये क्ष-किरणांचा लेसर सुरू झाला. वेगात आलेले इलेक्ट्रॉन चुंबकांच्या रांगेतून नागमोडी पळवायचे, की ते क्ष-किरण सोडतात. फेब्रुवारी २०११ मध्ये मार्विन सायबर्ट, यानोश हाय्दू आणि इतर बऱ्याच मंडळींनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत दाखवलं की या झोताने एकेकटा विषाणू टिपता येतो.

विषाणू कोणता, तर मिमिव्हायरस. हा १९९२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या कूलिंग टॉवरच्या पाण्यात सापडला आणि आकारामुळे चक्क जिवाणू समजला गेला. खरी ओळख पटली २००३ मध्ये. (आपल्या मुंबईच्या सांडपाण्यातही याचा भाऊबंद निघाला. आयआयटीच्या संशोधकांनी त्याचं नाव ठेवलं ‘मिमिव्हायरस बॉम्बे’.) अंगभर तंतू असल्यामुळे याचे स्फटिक बनत नाहीत, म्हणजे स्फटिकावर क्ष-किरण सोडण्याची नेहमीची पद्धत बाद. मग विषाणूंची धार निर्वातात सोडायची आणि झोत मारत राहायचा. झोताचा एकेक ठोका, म्हणजे पल्स, ७० फेम्टोसेकंदांची (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग). बहुतेक नेम चुकतात. लागला तर, हिशेबाप्रमाणे, कण एक लाख केल्विनच्याही वर तापतो. पण तोवर पल्स पुढे निघून गेलेली असते, आणि विखुरलेले किरण शाबूत विषाणूचे असतात.

माझं पोट सीटी स्कॅनच्या आकड्यांतून प्रतिमा बनवण्यावर चालतं, त्यामुळे मला खरा रस पुढच्या भागात. डिटेक्टरवर विषाणू दिसतच नाही. दिसतात पट्टे आणि ठिपके. किरण किती तीव्र होता एवढंच नोंदलं जातं, त्याची कला (फेज, म्हणजे लाट चढउताराच्या कुठल्या टप्प्यावर होती ते) हरवते. त्यात मूळ झोताने डिटेक्टर जळू नये म्हणून मधे फट ठेवलेली, आणि कणाच्या ढोबळ आकाराची माहिती नेमकी त्या मधल्या भागातच! मग संगणक अंदाजाने आकृती मांडतो, तिचं फूरिए रूपांतर करतो (म्हणजे अशा आकृतीपासून डिटेक्टरवर कसे पट्टे उमटतील ते गणिताने काढतो), तिथे मोजलेली तीव्रता बसवतो, उलट येतो, कणाच्या हद्दीबाहेर जे काही आलं ते पुसतो आणि पुन्हा तेच. आकृती स्थिरावेपर्यंत. दोन-चारदा वेगवेगळ्या अंदाजांपासून सुरुवात करून उत्तर तेच येतंय ना, हे पाहिल्याशिवाय माझ्यासारखा माणूस तरी विश्वास ठेवणार नाही.

हाती आलं ते ३२ नॅनोमीटरचं विभेदन, म्हणजे त्याहून बारीक तपशील दिसत नाही. कवच साधारण ४५० नॅनोमीटरचं, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम चौदा ठिपके. २०१५ मध्ये १९८ आकृत्या जुळवून त्रिमितीय रूपही काढलं, पण ते १२५ नॅनोमीटरचं, आणखी धूसर. इकडे गोठवून पाहणारे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप प्रथिनांच्या अणूंपर्यंत पोचले. स्पष्टच बोलायचं तर तूर्त तेच पुढे आहेत.

लेसरवाल्यांची भिस्त आता संख्येवर. स्लॅकच्या नव्या यंत्राने २०२३ मध्ये पहिले किरण दिले आणि त्याची क्षमता सेकंदाला दहा लाख पल्सेसपर्यंत आहे. त्यातले हुकलेले कुठले, लागलेले कुठले, आणि जाता जाता फेकून काय द्यायचं, हे निवडण्याचं काम मात्र आमच्या जातकुळीच्या लोकांच्या गळ्यात पडणार.