वाशीतली हजाराच्या आतली रेड वाइन

ठाण्याहून वाशीला जाताना मी ट्रान्स-हार्बरची लोकल धरते. ऐरोलीपासून डावीकडे पारसिकचा डोंगर दिसत राहतो, तुर्भ्याला एपीएमसीची, म्हणजे घाऊक बाजाराची, गर्दी उतरते. मार्च असल्यामुळे वाशी स्टेशनबाहेर द्राक्षांच्या गाड्या लागल्या होत्या. माझंही काम द्राक्षाचंच होतं. मावसबहिणीकडे जेवण, मटण तिचं आणि वाइन मी न्यायची. बजेट हजाराच्या आत.

सेक्टर १७ मधल्या दुकानदाराने विचारलं, "ताई, गोड देऊ? पोर्टच जास्त जाते."

"नको दादा, गोडवा नसलेली, ड्राय दाखवा. आणि ती काचेजवळची नको, आतली द्या."

स्वस्त वाइन घेताना मी आधी ती कुठे ठेवलीय ते बघते. उन्हात राहिलेल्या बाटलीतला ताज्या फळाचा वास उडून जातो, मग लेबल कितीही नावाजलेलं असो. त्यानंतर लेबलवरचं वर्ष. या किमतीची रेड बहुधा मुरवण्यासाठी केलेली नसते, ताजीच प्यायची असते. म्हणून दोन-तीन वर्षांच्या आतली घ्यावी. फिरकीचं झाकण असेल तर अजिबात नाक मुरडू नये.

निवड करायला आता आपल्याच राज्यात भरपूर आहे. नाशिकला सुला ही वाइन कंपनी १९९९ मध्ये सुरू झाली, २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, तिकडे अकलूजलाही चांगल्या बागा उभ्या राहिल्या. मी नाशिकची शिराझ उचलली, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची रेड.

गाडीवरच्या बिनबियांच्या हिरव्या द्राक्षांशी शिराझचं नातं फक्त वेलीपुरतं. तिचा मणी छोटा, काळा, जाड सालीचा आणि आत बिया. गर फिकाच असतो. रंग सगळा सालीतून उतरतो. म्हणून रस सालींसकट आंबवतात. जीभ आवळणारं टॅनिन येतं तेही साल आणि बियांतूनच.

घरी पोचल्यावर बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवली. बहीण म्हणाली, "अगं, रेड थंड करत नाहीत ना?" पण रेडला साधारण १६ ते १८ अंश लागतात आणि नवी मुंबईतलं मार्चमधलं घर तीसच्या आसपास असतं. गरम वाइनमध्ये आधी अल्कोहोल नाकात जातं, फळ मागे पडतं. हे मी प्रत्येकाला सांगत असते आणि सांगत राहणार.

ग्लास एक तृतीयांश भरला, हलवला. आधी काळ्या मिरीचा वास आला. शिराझची ती ओळखच आहे. मग आलुबुखारा. नुसता घोट घेतला तर शेवटी जिभेवर जांभूळ खाल्ल्यासारखा तुरटपणा राहिला. मटणाच्या घासानंतर मात्र तोच घोट मऊ लागला, कारण मांसातली चरबी आणि प्रथिनं टॅनिनची धार कमी करतात. रस्सा झणझणीत असता तर उलटं झालं असतं; तिखटाने अल्कोहोल आणखी जळजळतं. बहिणीने मसाला बेताचा घातला होता, ते पथ्यावर पडलं.

तिने बोंबीलही तळले होते. कुरकुरीत, रवा लावलेले, ताटात पडताच संपावेत असे. त्यावर रेडचा घोट घेतला आणि तोंडात लोखंडी चव पसरली. रेडमधल्या लोहाचं आणि माशाच्या तेलाचं जमत नाही. बोंबील आम्ही लिंबू पिळून नुसतेच संपवले. पुढच्या वेळी त्यांच्यासाठी नाशिकचीच शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन नेणार आहे, तीही हजाराच्या आतली.