लीड्सच्या बागेत अनंताचा वास : डबल डॅफोडिल लावण्याचा माझा अनुभव

मे महिना संपायला आला की इथे इंग्लंडात लीड्सला डॅफोडिलचं, म्हणजे वसंतात कंदातून येणाऱ्या त्या पिवळ्या फुलाचं, नाव कुणी काढत नाही. रस्त्याच्या कडेची ती पिवळी रांग एप्रिलातच ओसरलेली असते, नुसती लोळलेली पानं उरतात आणि लोकांचं लक्ष गुलाबाकडे गेलेलं असतं. 2019 च्या मे अखेरीस मी शेजारच्या आजींकडे चहाला गेले होते आणि त्यांच्या मागच्या दारात पाऊल टाकलं तर अनंताचा वास आला. मी तिथेच थबकले. सांगलीला आमच्या आजोळी न्हाणीच्या मागे अनंताचं झाड होतं, पावसाळा तोंडावर आला की संध्याकाळी त्या बाजूने जाताना असाच वास यायचा, गोड आणि जड, थोडा थोडा सायीसारखा. पण अनंत इथल्या थंडीत बाहेर जगणार कसा? मी झाड शोधत होते आणि आजींनी खाली बोट दाखवलं, म्हणाल्या, हे डॅफोडिलच आहे. पांढरंशुभ्र, पाकळ्या इतक्या गच्च की मधला पेला दिसतच नाही, फक्त आत खोलवर कुठेतरी केशरी-लाल किनार असलेला एखादा तुकडा.

नाव नार्सिसस पोएटिकस प्लेनस. इथे त्याला गार्डेनिया डॅफोडिल पण म्हणतात, आणि गार्डेनिया म्हणजे आपला अनंतच, त्यामुळे वास मला उगीच तसा वाटला नव्हता.

माझ्याकडे तेव्हा डबल डॅफोडिल, म्हणजे गच्च पाकळ्यांची, होतीच, चिअरफुलनेस आणि सर विन्स्टन चर्चिल या जातींची, 2018 च्या सप्टेंबरात लावलेली. ती दोन्ही फार गुणी. एका देठावर तीन-चार छोटी फुलं, एप्रिलात येतात, वास छान, पावसाने मान टाकत नाहीत. डबलमध्ये हा मोठा प्रश्न असतो, पाकळ्यांमध्ये पाणी साठून डोकं जड होतं आणि ताहितीसारखी एकाच मोठ्या फुलाची जात असेल तर एका रात्रीच्या पावसात सगळी जमिनीला टेकतात. त्यामुळे मला वाटलं डबल डॅफोडिल आपल्याला जमतात, हे पण जमेल. सप्टेंबर 2019 ला वीस कंद आणले आणि घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीलगत, जिथे सगळ्यात जास्त ऊन येतं आणि जमीन पटकन तापते, तिथे लावले. मोगऱ्याला आपण चांगली उन्हाची जागा देतो ना, तोच विचार होता डोक्यात.

पुढच्या वर्षी लॉकडाऊन. घरातच होते त्यामुळे रोज दोनदा बघायचे. चौदा कळ्या आल्या, देठ छान उंच झाले, कळीची मान वळली, आता उघडणार असं वाटलं, आणि मग कळीवरचं ते कागदासारखं आवरण तपकिरी व्हायला लागलं. आठवडा गेला, दहा दिवस गेले, फूल बाहेर येईना. शेवटी एक कळी नखाने उघडून बघितली तर आत सगळ्या पाकळ्या वाळून चुरा झालेल्या. चौदापैकी एकही उघडली नाही. खरं सांगते, मला रडू आलं, त्या दिवसांत आईला भेटायची काही शक्यता नव्हती आणि मी त्या वासाची वाट बघत बसले होते.

आजींना कुंपणावरून विचारलं. त्या म्हणाल्या कळ्या पाण्यावाचून करपल्या. आधी पटेना, कारण कंद तर जमिनीत पाणी धरून असतो. पण नंतर वाचून, विचारून नीट समजलं ते असं. कळी कंदाच्या आत आदल्या उन्हाळ्यातच तयार होते, पण ती फुगून उघडायला वसंतात भरपूर पाणी लागतं, आणि डबल फुलात पाकळ्याच इतक्या असतात की साध्या फुलापेक्षा ते काम कितीतरी मोठं. त्यात ही जात सगळ्यात शेवटी फुलणारी, म्हणजे नेमकी ऊन वाढतं आणि माती सुकते तेव्हा हिची वेळ येते. मूळची ही युरोपातल्या डोंगराळ कुरणांमधली, जिथे बर्फ वितळून जमीन वसंतभर ओली असते, आणि मी तिला तापलेल्या भिंतीला बसवलेलं. वर 2020 चा मे हा इंग्लंडमधला नोंदीतला सगळ्यात कोरडा मे होता. चिअरफुलनेस सुटले कारण ते एप्रिलातच फुलून मोकळे झाले होते.

दुसरी चूक मी त्याच वर्षी केली. जून लागल्या लागल्या ती लोळलेली पानं बघवेनात म्हणून निम्मी कापली आणि निम्म्यांच्या वेण्या घालून बांधून ठेवल्या, शेजारपाजारी लोक करतात तसं. हे अजिबात करू नका. फूल गेल्यावर कमीत कमी सहा आठवडे पानं जशी आहेत तशी राहू द्यायची, कितीही वाईट दिसोत, कारण पुढच्या वर्षीची कळी त्या पानांच्या जिवावर तयार होते. 2021 चा मे चांगला ओला होता, पण माझ्या वाफ्यात नुसती हिरवी पानं. एकही कळी नाही.

मग जुलैत पानं पूर्ण पिवळी पडल्यावर सगळे कंद खणून काढले. पाच कंद दाबले की मऊ लागत होते, एक कापला तर आत एकच जाडजूड मळकट अळी आणि बाकी सगळा चिखल. ही नार्सिसस माशीची अळी. माशी दिसायला गुबगुबीत भुंग्यासारखी असते त्यामुळे आपण लक्षच देत नाही, आणि ती उन्हाळ्याच्या सुरुवातीला उबदार जागी, वाळत्या पानांच्या बुडाशी अंडी घालते. म्हणजे ती दक्षिणेची भिंत इथेही नडली. मऊ कंद थेट कचऱ्यात टाकले, कंपोस्टमध्ये नाही. आता पानं वाळली की तिथे कंदापर्यंत जाणारी भोकं राहतात ती मी माती ओढून बुजवते, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

राहिले पंधरा. या जातीला कोरडं ठेवून चालत नाही, तिची मुळं जवळजवळ वर्षभर काम करत असतात, म्हणून दुकानात जे कंद ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत पडून असतात ते घेऊ नयेत असं माझं मत आहे. मी पंधरवड्याच्या आत परत लावले. यावेळी घराच्या पूर्वेला, सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली, पावसाच्या पाण्याचं पिंप बाजूलाच. आमची माती घट्ट, चिकण, उन्हाळ्यात भेगा पडणारी. तिच्यात कुजलेला पालापाचोळा आणि शेणखत भरपूर मिसळलं, आणि पहिल्यांदा खड्डा मोजून घेतला, कंद पाचेक सेंटीमीटरचा तर त्याच्यावर दहा सेंटीमीटर माती. आधी मी वरवर लावले होते आणि वरची माती आधी सुकते.

2022 ला तीन फुलं आली. तीन! पहिलं उघडलं 19 मेला, मी सकाळी गाऊनवरच बाहेर गेले आणि गुडघ्यावर बसून वास घेतला.

2023 ला अकरा. त्या वर्षी आई आली होती, मुद्दाम मेमध्ये बोलावलं. तिला काही सांगितलं नाही, नुसतं मागच्या दाराने नेलं. ती थांबली, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाली, "अगं, अनंत कुठे लावलायस तू?" मग खाली वाकून बराच वेळ बघत बसली. तिला दोन फुलं देवासमोर ठेवायला दिली. डॅफोडिलचा चीक हाताला लागला तर काहींना खाज येते, आणि चिकाच्या पाण्यात दुसरी फुलं ठेवली तर ती लवकर मान टाकतात, म्हणून देठ कापून रात्रभर वेगळ्या पाण्यात ठेवायचे आणि मगच एकत्र करायचे. आणि एक महत्त्वाचं, कंद हुबेहूब कांद्यासारखे दिसतात आणि विषारी असतात, तेव्हा स्वयंपाकघरात, कांद्याबटाट्याच्या टोपलीजवळ कधीच ठेवू नका, घरात लहान मुलं असतील तर खासच.

मावसबहीण पुण्याहून विचारत होती, मला पण कंद पाठव. तिला नाही म्हणाले. या जातीला हिवाळ्यात कित्येक आठवडे सलग गारठा लागतो, पुण्याच्या दोन-तीन थंड रात्रींनी भागत नाही. काश्मीरमध्ये नर्गिस, म्हणजे डॅफोडिलच्याच कुळातलं फूल, फुलतं ते त्या थंडीमुळेच. तिला म्हटलं तू डबल निशिगंध लाव, आणि खरा अनंत तर तुझ्या दारात येतोच आहे.

तुम्ही इंग्लंडात असाल आणि पहिल्यांदाच लावणार असाल तर सुरुवात चिअरफुलनेस किंवा ब्रायडल क्राऊनने करा, सप्टेंबरात, ते निराश करत नाहीत. पोएटिकस प्लेनसला मी आता एप्रिलच्या मध्यापासून पाणी द्यायला लागते, आठवड्यात पाऊस झाला नाही तर दोन वेळा, प्रत्येक वेळी वाफ्याला पूर्ण दोन झाऱ्या, बुडाशी सावकाश. फुलं गेल्यावर पानं आहेत तोवर दोनदा टोमॅटोचं फीड, म्हणजे टोमॅटोच्या झाडांना घालतात ते पातळ खत. 2025 चा वसंत इथे परत फार कोरडा गेला, आजींच्या वाफ्यातल्या पण बऱ्याच कळ्या करपल्या कारण त्यांना आता झारी उचलवत नाही. माझ्या सव्वीसपैकी एकोणीस उघडल्या. त्यातली पाच मी त्यांना नेऊन दिली, आणि यंदा जुलैत गड्डा सोडवला की निम्मे कंद त्यांच्या पिंपाजवळ लावायचं ठरलंय, तिकडचं पाणी मीच घालणार आहे.