झोप सुधारली म्हणजे नैराश्य ओसरले का?

मंगळवार पेठेतल्या एका छोट्या सभागृहात मी नैराश्याचा त्रास असलेल्या स्त्रियांसाठी हालचालींची सत्रे घेते. त्यांची औषधे त्यांच्या डॉक्टरांकडे सुरू असतात. आमच्याकडे लेझमीची पावले, झिम्मा, फुगडी आणि शेवटी काही वेळ श्वासाच्या लयीत झुलणे असते. पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात मी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली भरून घेते. नैराश्य किती आहे हे मोजण्यासाठी मागील दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न, आणि एकूण गुण ० ते २७; गुण जितके जास्त तितका त्रास अधिक.

एका मावशींना मी पहिला प्रश्न वाचून दाखवला: कामात रस किंवा आनंद कमी वाटतो का? त्या म्हणाल्या, "कामं तर समदी हुत्यात की, मॅडम." मी शून्यावर खूण केली आणि त्याच क्षणी मला ते खटकले, कारण सुरुवातीला त्यांचे हात फुगडीसाठी धरले तर कोपरातून वर येत नसत आणि नजर फरशीवरून हलत नसे. आठ आठवड्यांनी त्याच मावशी मान मागे टाकून गरगर फिरत होत्या, आणि गुण मात्र १४ वरून १३ वर आले होते. परंतु हा बदल मी स्वतः पाहिलेला, मीच घडवू पाहत असलेला आहे. तो पुरावा म्हणून मांडणे मला पटत नाही.

उलट दिशेचा धोका, म्हणजे मन तसेच असताना गुण मात्र उतरणे, अधिक मोठा वाटतो. नैराश्याच्या संशोधनात फार वापरली जाणारी, तपासणाऱ्याने गुण द्यायची हॅमिल्टन मापनश्रेणी १९६० सालची आहे. तिच्या सतरा बाबींपैकी तीन केवळ झोपेविषयी आहेत: उशिरा लागणे, मधेच मोडणे, पहाटे लवकर जाग येणे. प्रत्येकीला जास्तीत जास्त २ गुण, म्हणजे एकूण ६. उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने औषध आणि नकली गोळी यांच्यातील ३ गुणांचा फरक एके काळी उपचाराच्या दृष्टीने लक्षणीय धरला होता. तासभर नाचून अंग दमले आणि "काल रातभर झोपलो बघा, मॅडम," असे कुणी सांगितले, तर मन तसेच असतानाही गुण त्या ३ च्या दुप्पट उतरू शकतात. (झोप लागणे ही लहान गोष्ट नाही, हे रात्र जागून काढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.) पण उपचार कशावर लागू पडला, हे त्या एका आकड्यातून उमगत नाही.

२०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात (एखाद्या उपचारावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) नैराश्यावरील नृत्य-हालचाल उपचाराचे निकषांत बसणारे अभ्यास केवळ तीन निघाले, सहभागी १४७. प्रौढांना हॅमिल्टन आणि किशोरवयीनांना वेगळी मापनश्रेणी लावलेली होती. एवढ्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असेच त्या अभ्यासकांनी लिहिले. नाचणाऱ्याला आपण नाचतो आहोत हे ठाऊक असतेच, त्यामुळे निदान गुण देणाऱ्याला तरी कोण कोणत्या गटात आहे हे कळता कामा नये.

शरीर मोजता येत नाही असे मात्र नाही. नैराश्यग्रस्त व्यक्तींची चाल मोजणाऱ्या जर्मन अभ्यासात वेग मंद, हातांचा झोका कमी आणि पाठीला पोक आढळले होते.

म्हणून पुढच्या तुकडीपासून झोपेच्या प्रश्नाचे गुण मी वेगळे नोंदवणार आहे, प्रश्नावली माझ्याऐवजी सत्रांशी संबंध नसलेली एक सहकारी भरून घेईल, आणि दाराजवळच्या दहा पावलांचे चित्रीकरण तारखा झाकून तिलाच पाहायला देईन.