उजव्या पंखाखालचा कॅमेरा आणि एसटीचा आरसा

आप्पा कराडच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. गुडघ्यांमुळे कॅलिफोर्नियात, सॅन होजेपर्यंतचा प्रवास आता त्यांना झेपत नाही. मी इथे विमान चालवायला शिकले, लायसन्स मिळालं, हे त्यांनी डेपोतल्या सगळ्या जुन्या मंडळींना सांगून झालं. पण मला विचारायचा त्यांचा प्रश्न एकच. "वळताना तुझं पाय काय करतात गं? पायाशी काय असतंय तिथं?" हे फोनवर सांगून कळण्यासारखं नाही. मी म्हटलं, थांबा आप्पा, व्हिडिओच पाठवते.

ते "थांबा" सात महिने चाललं.

मी रीड-हिलव्ह्यू नावाच्या छोट्या विमानतळावरून उडते. विमान क्लबचं, भाड्याचं. १९७० च्या दशकातलं सेसना १७२: चार सीटा, पंख डोक्यावर, १६० अश्वशक्तीचं इंजिन आणि दोन पात्यांचा प्रोपेलर. गोप्रो हा मुठीएवढा कॅमेरा घेतला, सोबत रबरी वाटीवाला सक्शन माउंट घेतला, आणि पहिल्याच शनिवारी कॅमेरा समोरच्या काचेवर मधोमध चिकटवला. दिसायला तीच जागा चांगली होती. शेजारीच होकायंत्र असतं, हे मी रोज बघत होते. डोक्यात मात्र आलं नाही.

रनवेच्या नावातच दिशा असते. ३१ नंबरच्या रनवेवर विमान सरळ उभं केलं की होकायंत्राने ३१० अंशांच्या आसपास दाखवायला हवं. त्या दिवशी काटा चांगला वीस अंश भलतीकडे होता. इन्स्ट्रक्टर बाई शेजारी बसल्या होत्या. (लायसन्स मिळालं तरी नवीन काही करायचं तर मी त्यांना घेऊन जाते. सत्तरीच्या आहेत, आणि त्यांच्यापुढे मी अजून आठवीतलीच.) त्यांनी काही न बोलता हात लांब केला आणि कॅमेरा उपटून मांडीवर ठेवला. काटा डुलत डुलत जागेवर आला. कॅमेरा, त्याची बॅटरी, माउंटचे लोखंडी स्क्रू, यातलं काहीही होकायंत्राला फसवायला पुरतं. दिशादर्शक जायरो, म्हणजे फिरत्या चक्रावर चालणारं दिशा दाखवणारं यंत्र, आपण त्याच होकायंत्रावरून लावतो, म्हणजे चूक पुढे तिथेही गेली असती.

पुढच्या वेळी कॅमेरा उजव्या बाजूला सरकवला. त्या उड्डाणाची चित्रफीत घरी येऊन पाहिली तर प्रोपेलरची पाती कोयत्यासारखी वाकलेली. काही ठिकाणी तर पातं तुटून हवेत एकटंच तरंगतंय. नवरा घाबरला, "हे असं विमान चालवतेस?" विमान ठीक होतं. हे कॅमेरे अख्खं चित्र एका क्षणात टिपत नाहीत, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत वाचत जातात, आणि शेवटची ओळ येईपर्यंत पातं पुढे निघून गेलेलं असतं. इंजिन मिनिटाला २४०० फेऱ्यांवर असेल तर सेकंदाला ४० फेऱ्या झाल्या. पाती दोन, म्हणजे काचेसमोरून सेकंदाला ८० वेळा पातं जातं. कॅलिफोर्नियाच्या उन्हात कॅमेरा आपणहून शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापर्यंत आणतो. तेवढ्यात पातं जेमतेम सात अंश फिरतं, त्यामुळे प्रत्येक ओळीत ते ठसठशीत उमटतं आणि सगळं मिळून कोयता होतो.

उपाय स्वस्तातला आहे: भिंगावर काळी काच, म्हणजे एनडी फिल्टर. ३२ नंबरचा फिल्टर प्रकाश बत्तीस पटीने कमी करतो, मग शटरला साधारण साठाव्या भागापर्यंत उघडं राहावं लागतं. तेवढ्यात प्रोपेलर दोनतृतीयांश फेरी मारून घेतो आणि पाती पुसली जाऊन समोर नुसतं पातळ धुकं राहतं. डोळ्यांना दिसतं तसंच.

कोयते गेले. पण डोंगर हलत होते. हलणं म्हणजे धक्के नव्हेत. माउंट हॅमिल्टनची अख्खी रांग, वरच्या लिक वेधशाळेच्या पांढऱ्या घुमटांसकट, खरवसासारखी थुलथुलत होती. मी ताबडतोब फोम आणि रबराच्या चकत्या मागवल्या. थरथर आहे तर मऊ काहीतरी मध्ये घालावं, इतका सरळ विचार. रबर घातलं आणि थुलथुल दुप्पट झाली.

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आप्पांना ती फीत दाखवली. त्यांनी दोनदा बघितली, चष्मा वर केला.

"एसटीचा आरसा बघितलाईस का कधी? डायवरच्या बाजूचा?"

"बघितलाय की."

"गाडी उभी, इंजिन चालू. आरशात काय दिसतं? काय न्हाई. नुसतं थरथरतंय. जरा रेस वाढवली की थांबतं. दांडी लांब, टोकाला वजन, मग ठरावीक रेसला ते नाचणारच. तुझ्या कॅमेऱ्याची दांडी केवढी हाय?"

दांडी वीतभर होती, तीन सांध्यांची.

"आखूड कर. न्हाईतर दुसरीकडून टेकू दे."

"आणि रबर, आप्पा?"

"रबर इंजिनाखाली घालत्यात. इंजिन जड असतं, ते रबराला दाबून बसवतं. हलक्या वस्तूखाली रबर घातलं की ती झोपाळ्यात बसल्यागत नाचती."

मी इंजिनिअर आहे. कंपन, वस्तुमान, नैसर्गिक वारंवारिता, सगळं परीक्षेत लिहून मार्क घेतलेले. चार सिलिंडरच्या या इंजिनात प्रत्येक फेरीला दोन स्फोट होतात, म्हणजे तेही सेकंदाला ८०. माझी वीतभर दांडी बहुतेक त्याच तालावर नाचत होती. तीन सांधे काढून टाकले, कॅमेरा वाटीला जवळजवळ चिकटून बसवला आणि बाजूने दुसऱ्या वाटीचा टेकू दिला. उडण्याआधी १७०० फेऱ्यांवर इंजिन तपासतात, तेव्हाच आता मी दहा सेकंदांचं चित्रण करून बघते. डोंगर पुन्हा डोंगर झाले.

आवाजाची गोष्ट थोडक्यात. कॅमेऱ्याच्या माइकला कॉकपिटमध्ये पिठाच्या गिरणीपलीकडे काही ऐकू येत नाही. हेडसेटच्या जॅकमधून आवाज घेणारी केबल मिळते, ती लावली की टॉवरशी आणि शेजाऱ्याशी झालेलं बोलणं स्वच्छ येतं. फक्त पातळी कमी करणारी केबल घ्यावी, नाहीतर सगळा आवाज फाटतो.

इथे थांबायला हरकत नव्हती. पण एव्हाना मला पंखाखालून दिसणारं दृश्य हवं होतं. हाव म्हणा.

क्लबचा मेकॅनिक साठीचा आहे. हातात कायम चिंधी, बोलणं कमी. त्याला विचारलं तर म्हणाला, आत काचेला चिकटवलास तर ते तुझं सामान. बाहेर बोल्टने लावलास की माझ्या मते तो विमानात केलेला बदल, आणि मग लॉगबुकात नोंद, तारीख, वर्णन, माझी सही आणि माझा सर्टिफिकेट नंबर. सगळेच मेकॅनिक असं मानत नाहीत, पण विमान त्याच्या सहीने उडतं, त्यामुळे त्याचं मत चाललं. क्लबने विमा कंपनीकडे बोट दाखवलं, विमा कंपनीने क्लबकडे, आणि मध्ये मी, सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे खेपा घालाव्यात तशी. लेखी परवानगी यायला सहा आठवडे लागले. अट अशी की पहिल्या उड्डाणाला इन्स्ट्रक्टर सोबत हवी आणि उडताना-उतरताना सोडलं तर वस्तीवरून जायचं नाही.

डावा पंख मेकॅनिकने पहिल्याच वाक्यात बाद केला. वेग मोजणारी पिटो नळी डाव्या पंखाखाली, स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल संपत आल्याचा, इशारा देणारं तोंड डाव्या पंखाच्या कडेला, टाकीत हवा घेणारी नळीही डाव्या स्ट्रटमागे. या तिन्हींच्या वाटेतली हवा ढवळायची नाही. राहिला उजवा. तिथेही स्ट्रटला, म्हणजे पंखाला तोलून धरणाऱ्या तिरक्या दांडीला, शिकंजा आवळायला तो तयार नव्हता. ती दांडी पंखाचा भार घेते. तिला पोचा पडला तर व्हिडिओ कुणाला दाखवणार? शेवटी विमान जमिनीला बांधायची जी कडी पंखाखाली असते, तिथे बसणारा माउंट ठरला.

वाऱ्याचा जोर किती, हे मी कागदावर काढलं. ११० नॉट म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. कॅमेऱ्याचा समोरचा भाग सात बाय पाच सेंटिमीटर. उत्तर आलं साधारण ८०० ग्रॅम. मेकॅनिकने कागद बघितला आणि विचारलं, ओढून पाहिलंस का? मग मी घरून सामान तोलायचा काटा आणला. भारतात जाणाऱ्या प्रत्येक घरात तो असतोच, २३ किलोच्या बॅगेत लोणच्याची एखादी बरणी बसते का बघायला. तो माउंटला अडकवून मागच्या दिशेने दहा किलोपर्यंत ओढला. हललं नाही. वर एक पोलादी तार, चार बोटं लांब, कॅमेऱ्यापासून कडीपर्यंत. तार आखूडच हवी. लांब असली तर सुटलेला कॅमेरा लोंबकळत पंखावर आपटत राहतो. आणि तारही तुटली तर मागे शेपटाचा आडवा पंख आहे, खाली माणसं आहेत. एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचा, ९१.१५ हा नियम सांगतो की कुणाला वा मालमत्तेला धोका होईल अशी वस्तू विमानातून पडू देऊ नये. पायलटला ते वेगळं सांगायला लागू नये, पण लागतं.

निघण्याआधी बाईंनी एक अट घातली. इंजिन सुरू करायच्या आधी कॅमेरा चालू करायचा, बंद करायचा तो इंजिन थांबल्यावर. मध्ये त्याच्याकडे बघायचंही नाही. लाल दिवा विझला तर विझला. त्यांनी मला ३१ मे २०१४ च्या अपघाताचा अहवाल वाचायला लावला होता. कोलोरॅडोतल्या वॉटकिन्सजवळ मध्यरात्रीनंतर एक सेसना १५० कोसळलं, दोघे गेले. अवशेषांजवळ गोप्रो सापडला. त्यात अपघाताचं उड्डाण नव्हतं, त्याच्या आधीची छोटी उड्डाणं होती, आणि त्यांत पायलट फोनने स्वतःचे फोटो काढताना दिसतो, अंधारात फ्लॅश मारून. तपास करणाऱ्या एनटीएसबीने कारणांत दिशाभ्रम आणि स्टॉल लिहिला, आणि फोनमुळे लक्ष विचलित झाल्याचं त्याला जोडलं. मी तो अहवाल वाचून दोन दिवस कॅमेऱ्याला हात लावला नव्हता.

सकाळी समुद्रावरचं धुकं मागे सरल्यावर निघालो. उत्तरेला कॅलाव्हेरास जलाशयावर दोन वळणं घेतली आणि परत आलो. पाऊण तास. उतरल्यावर मेकॅनिक आधी पंखाखाली वाकला. उड्डाणापूर्वी त्याने प्रत्येक नटवर आणि शेजारच्या धातूवर मिळून रंगाची एक बारीक रेघ ओढली होती. तीन रेघा जागच्या जागी होत्या, चौथी तुटली होती. नट पाव फेरी सरकला होता. पाऊण तासात पाव फेरी. त्याने मला ते बोटाने दाखवलं, कॅमेरा उतरवला आणि नायलॉनचा लॉकनट घालेपर्यंत पुन्हा लावायचा नाही म्हणून सांगितलं. आप्पांना हे कळलं तेव्हा त्यांना त्या माणसाबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. "शाणा हाय. आमी डबल नट टाकायचो."

चित्रण मात्र देखणं आलं. पंखाची पांढरी कड, खाली निळं पाणी, वाळलेल्या गवताचे पिवळे डोंगर. मी त्याला गाणंबिणं न लावता तसंच कराडला पाठवलं. आप्पांनी शेजारच्यांना बोलावून टीव्हीवर पाहिलं. एकाने विचारलं म्हणे, तिकडं फोटो काढू देतात? त्याची शंका रास्त होती. आपल्याकडे १९३७ च्या विमान नियमांतला तेरावा नियम विमानातून फोटो काढायला परवानगीची अट घालत आला, आणि पुण्याच्या लोहगाव विमानतळावर तर हवाई दलाचाच तळ. "फोटो मना है" वाचतच आम्ही मोठे झालो.

रात्री आप्पांचा फोन आला.

"ब्येस हाय. पन पाय कुठं हाईत?"

सात महिने, दोन फिल्टर, तीन माउंट, सहा आठवड्यांची परवानगी. पाय नव्हतेच.

पायांपाशी कॅमेरा लावायला बाईंनी साफ नकार दिला. वाटी सुटली आणि कॅमेरा रडरच्या, म्हणजे शेपटाच्या उभ्या सुकाणूच्या, पेडलखाली गेला तर? उतरताना पेडल अडकलं तर? यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. मग त्यांनीच मार्ग काढला. पुढच्या शनिवारी त्या उजव्या सीटवर बसल्या, कॅमेऱ्याची दोरी मनगटाला दोन वेढे दिली, आणि टेकऑफपासून वर चढेपर्यंत तो नुसता हातात धरून माझ्या बुटांवर रोखला. माउंट नाही, लॉगबुक नाही. अकरा मिनिटांची फीत: दोन बूट, दोन पेडल, पायाशी पडलेली पेन्सिल.

ती आप्पांनी एकट्याने पाहिली. मग मला फोन लावला.

"उजवा पाय सारखा दाबून का धरतीस? चढताना तर उचलतच न्हाईस."

मी सांगितलं की पूर्ण जोरावर हळू वेगात चढताना विमान आपणहून डावीकडे ओढतं. प्रोपेलर एका दिशेला फिरतो, त्याची हवा गिरकी घेत शेपटावर आदळते, आणि नाक वर असताना खाली जाणारं उजवं पातं वर येणाऱ्या डाव्या पात्यापेक्षा जास्त ओढतं. म्हणून उजवा पाय.

पलीकडे थोडा वेळ शांतता.

"म्हंजे गाडी एका बाजूला वढती."

"हो, आप्पा."

"नवीन असल्यापासनं?"

"नवीन असल्यापासून. सगळीच वढतात."

"आनि कुनी अलाइनमेंट केली न्हाई अजून?"