दीडशेचा आकडा

जांबोटीकडच्या त्या मावशींचा पहिला ईसीजी मीच काढला होता. मशीनने ठोक्यांचा दर मिनिटाला १५० दाखवला, खाली 'साइनस टॅकिकार्डिया', म्हणजे योग्य जागेवरूनच निघणारे पण वेगाचे ठोके, असं छापलं आणि मी कागद फाडून फाईलला टाचला. जुलै महिना, खानापूर तालुक्यात भाताची रोपलावण जोरात. दिवसदिवस चिखलात वाकलेली बाई, अंगात रक्त कमी, काळीज धावणारच, असं वाटलं. पंधरा दिवसांनी त्या परत आल्या तेव्हा पावलं सुजलेली होती आणि बाकावरून टेबलापर्यंत यायला दोनदा थांबावं लागलं.

मी बेळगावातल्या एका खासगी दवाखान्यात टेक्निशियन आहे. इथे डॉक्टर कन्नडमधून विचारतात, पेशंट मराठीतून सांगतो आणि जो हाताशी सापडेल तो दुभाषी होतो. पहिल्या दिवशी ती मी होते. मावशी म्हणाल्या, "जीव घाबरा होतोय गं बाई, छातीत धडधडूलालंय." मी डॉक्टरांना कन्नडात सांगितलं की त्यांना भय वाटतंय. आपल्याकडे जीव घाबरा होतो तो भीतीने नव्हे. दम पुरत नाही, आतून कालवतं, बसावं की उठावं कळत नाही, तेव्हा बायका असं म्हणतात. माझी आई म्हणते, आजी म्हणायची. तरी घाईत तोंडातून 'भय' गेलं आणि केसपेपरवर 'एंझायटी' उतरलं. लोहाच्या गोळ्या आणि झोपेची एक गोळी घेऊन मावशी जांबोटीच्या बसला गेल्या.

डिप्लोमात आम्हाला लीड, म्हणजे अंगावरच्या तारा आणि त्यांतून कागदावर उमटणाऱ्या ओळी, लावायला शिकवतात, वाचायला नाही. वाचायला मी शिकले ते एका वयस्क फिजिशियनांकडून, ओपीडी संपल्यावर, उरलेल्या कागदांवर. त्यांचा हट्ट एकच: आधी पी लाट शोध, बाकी मग. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची ती एवढीशी लाट. सेकंदाला २५ मिलिमीटर धावणाऱ्या कागदावर फार तर अडीच-तीन बारीक चौकटी रुंद. ठोका योग्य जागेवरून निघाला असेल तर ती दुसऱ्या लीडमध्ये वर उठते, एव्हीआर नावाच्या लीडमध्ये खाली जाते. दुसऱ्या, तिसऱ्या लीडमध्ये उलटी दिसली तर ठोका कप्प्याच्या खालच्या बाजूने निघालाय. जुन्या विडी ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांच्या आजारात कधी एकाच कागदावर तीन वेगवेगळ्या आकारांच्या पी सापडतात आणि दर शंभराच्या वर असतो, त्याचं नावच वेगळं. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे वरचे कप्पे नुसते थरथरतात तेव्हा, पी नसतेच. रेघ नुसती थरथरते आणि ठोक्यांमधल्या अंतराला काही हिशोब राहत नाही. कोऱ्या कागदाच्या कडेला पेन्सिलीने तीन-चार ठोक्यांच्या खुणा करून तो पुढे सरकवायचा. खुणा कुठेच जुळल्या नाहीत की समजायचं. हे मला दोन आठवड्यांत जमलं. वरच्या कप्प्याचाच दुसरा बिघाड, फ्लटर, जमायला वर्ष गेलं, कारण फ्लटर शिस्तीत चालतो आणि शिस्तीचा माणसाला संशय येत नाही.

फ्लटरमध्ये वरचा कप्पा मिनिटाला साधारण ३०० वेळा फिरतो. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली गाठ सगळे ठोके खाली सोडत नाही, बहुतेकदा दोनातला एक सोडते. म्हणून नाडी १५०. कागदावर दोन ठोक्यांत बरोबर दोन मोठ्या चौकटी. वरच्या कप्प्याच्या या लाटा करवतीच्या दातांसारख्या, पुस्तकात सुंदर दिसतात. खऱ्या कागदावर दोनांतला एक दात क्यूआरएसच्या, म्हणजे खालच्या कप्प्यांच्या उंच काडीच्या, शेपटीत किंवा तिच्या मागच्या टी लाटेत मिसळतो, आणि उरतो तो पी असल्यासारखा दिसतो. मशीन तिथेच फसतं.

परत आलेल्या मावशींचा दर पुन्हा १५०. मी जुना कागद काढून शेजारी ठेवला. मुलीच्या कंपासपेटीतला डिव्हायडर माझ्या खिशात असतो. त्याची टोकं जुन्या ठोक्यांवर धरली आणि न हलवता नव्यावर टेकवली. केसभरही फरक नाही. चालून आलेली बाई आणि दहा मिनिटं पडून राहिलेली बाई, पंधरा दिवसांपूर्वीची आणि आजची, सगळीकडे तोच आकडा. साइनस असं वागत नाही. तो श्वासाबरोबर, बोलण्याबरोबर, सुई बघूनही थोडा वरखाली होतो.

ड्यूटीवरच्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "मशीनने साइनस दिलंय की." मला या एका ओळीचा खरोखर राग येतो. शिकलेली माणसं कागद न बघता खालची छापील ओळ वाचतात, आणि रेघ छान यावी म्हणून स्नायूंचा फिल्टर कायम चालू ठेवायला आम्हाला सांगतात. त्या फिल्टरने बारीक लाटा पुसट होतात.

मी फिल्टर काढला आणि उंची दुप्पट केली, एका मिलिव्होल्टला २० मिलिमीटर. उजव्या हाताचा इलेक्ट्रोड छातीच्या हाडाच्या उजव्या कडेला दुसऱ्या बरगडीखाली लावला आणि डाव्या हाताचा त्याच कडेला चौथीखाली. थॉमस लुईस यांची ही जुनी मांडणी, पहिल्या लीडमध्ये वाचायची. पडदा नव्हता, म्हणून सिस्टरांनी चादर धरली. कागद सरकला आणि प्रत्येक ठोक्यामागे एक नाही, दोन टेकाडं दिसली. प्रत्येक मोठ्या चौकटीला एक.

या वेळी मी थेट फिजिशियनांना बोलावलं. त्यांनी कोपराजवळच्या शिरेत ६ मिलिग्रॅम अ‍ॅडेनोसिन झटक्यात दिलं, मागोमाग सलाईन, हात वर. हे औषध रक्तात काही सेकंदच टिकतं, म्हणून स्ट्रिप आधीपासून चालू ठेवावी लागते. मावशींनी माझं मनगट घट्ट धरलं. क्यूआरएस थांबले आणि त्या मोकळ्या जागेत करवत उघडी पडली, दातामागून दात. चार-पाच सेकंदांनी पुन्हा १५०. फिजिशियन काही बोलले नाहीत, फक्त स्ट्रिपवर तारीख घातली.

इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मिट्रल झडप आखडलेली निघाली. लहानपणी घसा धरून मग गुडघे सुजले होते, महिनाभर शाळा बुडाली होती, हे मावशींनी तेव्हा सांगितलं. झडप आखडण्याचं मूळ त्या आजारपणात. अरुंद झडपेतून रक्त खाली उतरायला दोन ठोक्यांमध्ये वेळ लागतो आणि १५०च्या दराने तो मिळत नाही, फुप्फुसं तुंबतात. जीव घाबरा होत होता तो यामुळे. दर आवरायचं औषध सुरू झालं, गुठळी होऊ नये म्हणून वॉर्फरिन, आणि फुग्याने झडप उघडण्यासाठी मोठ्या ठिकाणी पाठवलं. आता आयएनआर, म्हणजे वॉर्फरिनने रक्त किती पातळ झालंय ते, तपासायला त्या जांबोटीहून एसटीने येतात.

एकदा रक्त देऊन माझ्या खोलीत आल्या आणि विचारलं, "पैल्यांदा आलो तवा हे दिसलं नव्हतं काय गं?"

"दिसत होतं मावशी. मी बघितलं नाही."

त्यांनी पिशवीतून काजूची पुडी काढून टेबलावर ठेवली आणि बसची वेळ झाली म्हणून गेल्या. ती पुडी मला दोन दिवस उघडवली नाही.

त्यानंतर मी रोज दुपारी जुने कागद काढून बसते. दर १४५ ते १५५ आणि खाली 'साइनस' छापलेलं असेल असे वेगळे काढते. काही नक्की साइनस आहेत, तापातली पोरं वगैरे. दोघांना फोन करून बोलावलं, त्यातले एक आले. पण थर्मल कागद उन्हाने, प्लॅस्टिकच्या फाईलने फिका पडतो. क्यूआरएसच्या काड्या कशाबशा दिसतात, मधल्या लाटा आधी जातात. अशा कागदांचा वेगळा गठ्ठा केलाय. भिंगाखाली धरून बघते, खिडकीकडे तिरपा करून बघते. कालचा एक विटभट्टीवरच्या माणसाचा होता, वय चाळीस, दर १५०. पत्त्यात फक्त गावाचं नाव आहे.