एकाच अक्षांशावरचा डेलिया

ठाणे 19.2 अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि मेक्सिको सिटी 19.4 अंशांवर. डेलियाचे तीन हंगाम वाया घालवल्यानंतर एका रविवारी नकाशा चाळताना हे माझ्या लक्षात आले आणि थोडा रागच आला. डेलिया मूळचा मेक्सिकोतील डोंगराळ पठारांवरचा, 1963 पासून त्या देशाचे राष्ट्रीय फूल. ज्या रेषेवर तो रानात कोणी न लावता वाढतो, जवळजवळ त्याच रेषेवर माझी घोडबंदर रस्त्यालगतची चौथ्या मजल्यावरची बाल्कनी आहे, आणि तिथे मात्र त्याचे कंद एकामागून एक कुजत होते.

फरक अर्थातच उंचीचा आहे. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटर उंचीवर वसलेली आहे. तिथेही पाऊस आपल्यासारखा उन्हाळ्याच्या शेवटी सुरू होऊन ऑक्टोबरपर्यंत पडतो, पण जुलैतही दुपारचे तापमान 25 अंशांच्या आत राहते आणि रात्री ते 12-13 अंशांपर्यंत उतरते. डेलिया त्या पावसात वाढतो, त्या गार रात्रींत फुलतो आणि पुढच्या कोरड्या हिवाळ्यात जमिनीखाली झोपी जातो. ठाण्यात पावसाचे महिने तेच असले तरी रात्री उकाडा हटत नाही आणि वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी कोसळते. म्हणून ज्या ऋतूत त्याचे भाऊबंद तिकडे झोपलेले असतात, त्याच ऋतूत आपल्याला त्याला जागे ठेवावे लागते. पंचांग उलटे करायचे, एवढे मला पटायला तीन वर्षे लागली.

या उलट्या पंचांगाची एक किंमत असते आणि तिच्याविषयी रोपे विकणारे सहसा बोलत नाहीत. मेक्सिकोत डेलियाच्या वाढीच्या काळात दिवस बारा-तेरा तासांचा असतो. आपल्याकडे डिसेंबरात तो जेमतेम 11 तासांचा उरतो. दिवस लहान झाला की डेलियाला निजायची वेळ झाल्याची खूण पटते आणि तो पाने-फांद्या वाढवायचे सोडून मुळाशी कंद फुगवू लागतो. दिवाळीनंतर लावलेले रोप वीतभर उंचीवर थांबते, एखादे खुजे फूल देते आणि संपते. पहिल्या दोन वर्षांचे माझे अपयश मी खताच्या माथी मारले होते, पण चूक तारखेची होती. आता घटस्थापना ते दसरा या दिवसांत रोप कुंडीत गेलेच पाहिजे, असा घरचा नियम आहे. ऑक्टोबरच्या उन्हात ते कोमेजते, म्हणून दुपारपुरती हिरवी जाळी ओढावी लागते. तेवढे सोसले की डिसेंबर लागेपर्यंत झाड अंगाने भरलेले असते आणि मग लहान दिवस त्याला फारसे रोखू शकत नाहीत.

रोप की कंद, या प्रश्नावर माझे मत आता पक्के आहे: आपल्या हवेत रोपच घ्यावे. डेलियाचा कंद म्हणजे फुगलेले मूळ. बटाट्याला अंगभर डोळे असतात. डेलियाचा डोळा मात्र फक्त मानेवर, जुन्या खोडाला कंद चिकटतो त्या जागी असतो. मान तुटली किंवा डोळ्याचा भाग निघून गेला, की उरलेला कंद दिसायला कितीही गलेलठ्ठ असला तरी त्याला कोंब फुटत नाही. एका विक्रेत्याकडून मी हौसेने मागवलेल्या पाच कंदांपैकी चारांना मानच नव्हती. ते दोन महिने मातीत जसेच्या तसे राहिले आणि मी रोज सकाळी त्यांच्याकडे आशेने पाहत राहिले. याउलट फुटव्याचे छाट रुजवून केलेले रोप लगेच वाढीला लागते. बंगालमध्ये हिवाळ्यात ताटाएवढे डेलिया फुलवणारे शौकीनही अशीच छाटांची रोपे लावतात.

कुंडी 12 इंचांची लागते. त्याहून लहान कुंडीत पाणी टिकत नाही. तांबड्या मातीत जाडसर वाळू, जुने शेणखत आणि थोडे कोकोपीट (पाणी धरून ठेवणारा नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळावे, पण कोकोपीट मुठीने घ्यावे, घमेल्याने नव्हे, कारण नोव्हेंबरपर्यंत आपली हवा पुरेशी दमट असते आणि डेलियाला ओले पाय चालत नाहीत. पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडावा. हे करताना पहिल्या वर्षी माझा हात धजावत नव्हता, पण न खुडलेले झाड शिडशिडीत एकखोडी वाढते आणि खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यात मोडते. त्याचे खोड आतून पोकळ असते. खुडल्यावर किंवा फूल कापल्यावर त्या नळीत पाणी साचले तर खोड वरून खाली सडत जाते, म्हणून त्या दिवशी पाणी बुंध्याशीच घालावे. आधाराची काठी रोप लावतानाच रोवावी, नंतर रोवली तर ती नेमकी कंदातून जाते. कळ्या तीन-तीनच्या झुपक्यात येतात. मोठे फूल हवे असेल तर मधली ठेवून बाजूच्या दोन काढाव्यात. माझ्या आईला ही काटछाट निर्दय वाटते, त्यामुळे आमच्याकडे दोन कुंड्या माझ्या पद्धतीने वाढतात आणि एक तिच्या. तिच्या कुंडीतली फुले लहान असतात, पण देवाला रोज पुरतात, हे कबूल करायला हवे.

फेब्रुवारीत पानांवर भुरी, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी, दिसू लागते आणि हवा कोरडी झाली की पानांखाली लाल कोळी ही बारीक कीड जाळी विणते. भुरीची पाने काढून टाकावीत आणि कोळ्यासाठी पानांच्या खालच्या बाजूवर सकाळी पाण्याचा फवारा मारावा. मार्चअखेरीस झाड थकते आणि तेव्हा त्याच्याशी झुंजण्यात मला अर्थ वाटत नाही.

त्यानंतर कंद जपावेत का? जून ते सप्टेंबर हा खरा अडसर आहे. वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवलेले कंद मे महिन्यात सुकून सुरकुतले आणि उरलेल्यांना जुलैत बुरशी लागली. आता मी खोड कापून, पाणी पूर्ण तोडून कुंडी आडवी करते आणि जिन्याखालच्या सावलीत पाऊस लागणार नाही अशी ठेवून देते. कंद मातीतच राहतो, त्यामुळे सुकत नाही आणि भिजतही नाही. दोनांपैकी एक कुंडी ऑगस्टच्या शेवटी कोंब दाखवते. त्या कोंबांचे छाट वाळूत रुजवले की दसऱ्याची रोपे घरचीच होतात.

ट्युलिपचा प्रयोगही मी एकदा करून पाहिला. त्याच्या कांद्याला किमान 12 आठवड्यांची थंडी लागते. ती मी फ्रिजमध्ये दिली, पण शेजारी सफरचंदे ठेवली. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या वायूने आतली कळी जळून जाते, हे मला नंतर कळले. ट्युलिप पाहायचे असतील तर श्रीनगरला जावे.

त्यापेक्षा आपल्याच उकाड्यात मजेत राहणारे कांदे पुष्कळ आहेत. निशिगंधही मेक्सिकोचाच, पण त्याला इथले उकडणे मानवते. एप्रिल-मेमध्ये कांदे लावले की पावसाच्या उत्तरार्धात दांडे येतात. एकदा फुललेला कांदा पुन्हा फुलत नाही, त्याची पिल्ले फुलतात. म्हणून दोन-तीन वर्षांनी कुंडी उपसून पिल्ले वेगळी करावी लागतात. फुटबॉल लिली मे महिन्यात पाने येण्याआधीच तांबडा गोळा वर काढते. भुईचाफाही तसाच, आधी फूल आणि मग पान. रेन लिलीला तर मी काहीच करत नाही; पहिली मोठी सर पडून गेली की चार-पाच दिवसांत सगळी कुंडी गुलाबी होते. येऊरच्या वाटेवर पावसात कळलावी कुंपणांवर चढलेली दिसते आणि तिचा कंद उकरून आणण्याचा मोह होतो. पण तो भाग राष्ट्रीय उद्यानाचा आहे आणि कळलावीचा कंद जहाल विषारी असतो, तेव्हा घरात लहान मूल असेल तर ती रोपवाटिकेतूनही आणू नये.

घटस्थापनेला अजून नऊ दिवस आहेत. जिन्याखालच्या एका कुंडीत तीन कोंब आले आहेत, दुसरीत अजून काही हालचाल नाही. छाट उद्या सकाळी घ्यायचे आहेत आणि त्यासाठी आईने तिची जुनी भाजी चिरायची सुरी धार लावून ठेवली आहे. तिसऱ्या कोंबाला हात लावायचा नाही, या अटीवर.